पार गावाचा, सातबारा सावकाराचा

समाजमाध्यमांनी सामान्य माणसाच्या हाती प्रथमच बोलण्याचे साधन दिले आणि त्यामुळे लोकशाहीचा पाया रुंदावला, हे मत आता इतके रूढ झाले आहे की समाजवादी कार्यकर्त्यांच्या शिबिरांतूनही ते सिद्ध गोष्टीसारखे मांडले जाते. त्याच्या पाठोपाठ एक व्यावहारिक निष्कर्षही येतो. शाखांच्या बैठका, दारोदार वर्गणी, साप्ताहिकाचा अंक हातोहात पोहोचविणे ही कामे जुन्या काळाची झाली. आता मोबाईलवर गट चालवावेत, चित्रफिती प्रसृत कराव्यात, म्हणजे चळवळ आपोआप उभी राहील, असे सुचविले जाते. हे सुचविणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांपैकी बरेच जण तरुण आहेत आणि तळमळीचे आहेत. परंतु ज्या साधनावर सारी भिस्त ठेवायची ते कोणी निर्माण केले, कोणाच्या मालकीचे आहे आणि कशावर चालते, हे तीन प्रश्न समाजवाद्याला टाळता येणार नाहीत. जमिनीविषयी, गिरणीविषयी आणि बँकेविषयी हे प्रश्न या चळवळीने सतत विचारले. मोबाईलच्या पडद्यापाशी येऊन ते थांबावेत, याला कोणतेही समर्थन नाही.

पाया कोणी घातला?

समाजमाध्यमांचा इतिहास सहसा काही हुशार तरुणांच्या कर्तबगारीची कथा म्हणून सांगितला जातो. वसतिगृहातील एक खोली, एक संगणक, आणि थोड्याच वर्षांत अब्जावधी डॉलर. या कथेतून जे गाळले जाते तेच महत्त्वाचे आहे. दूरदूरचे संगणक एकमेकांना जोडण्याचा पहिला मोठा प्रयोग अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या खर्चाने झाला. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील प्रयोगशाळेतून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे त्या जाळ्यावरून पहिला संदेश गेला. १९८०च्या दशकात विद्यापीठांना जोडणारे जाळे तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने, म्हणजे करदात्यांच्या पैशाने, उभारले. आणि १९९५ मध्ये ते बंद करून सारी वाहतूक खासगी कंपन्यांच्या हवाली करण्यात आली. आज ज्याला वेब म्हणतात त्याची आखणी टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत केली. ही संस्था युरोपातील सरकारांच्या वर्गणीवर चालते. ३० एप्रिल १९९३ रोजी तिने वेबचे तंत्र कोणताही मोबदला न घेता जगाला खुले केले. भारतातही १९८६ मध्ये सुरू झालेले अर्नेट हे शैक्षणिक जाळे सरकारी होते, आणि १५ ऑगस्ट १९९५ पासून सर्वसामान्य ग्राहकाला इंटरनेट दिले ते विदेश संचार निगम या सार्वजनिक उद्योगाने.

या जाळ्यावर माणसांनी एकमेकांशी बोलावे ही कल्पनाही बड्या कंपन्यांची नव्हे. १९७८ मध्ये शिकागोतील दोन हौशी तंत्रज्ञांनी टेलिफोनच्या तारेवरून चालणारा सार्वजनिक सूचनाफलक सुरू केला. १९७९-८० मध्ये ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी यूजनेट उभारले. यूजनेटला मालक नव्हता. एका विद्यापीठाच्या संगणकावरील मजकूर दुसरे विद्यापीठ आपल्याकडे उतरवून घेई आणि चर्चा पुढे चाले. ई-मेलची रचना आजही अशीच आहे. एका कंपनीचा ग्राहक दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला पत्र पाठवू शकतो, कारण पत्रव्यवहाराचे नियम सामाईक आहेत. तेव्हा मालकावाचून असा संवाद चालणारच नाही, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही.

कुंपण कसे पडले?

१९९७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सिक्स डिग्रीज नावाची सेवा सुरू झाली. नोंदणी करून आपल्या ओळखीच्या माणसांची यादी जाहीर करावयाची, हा तिचा नमुना पुढे सर्वांनी उचलला. २००२ मध्ये फ्रेंडस्टर, २००३ मध्ये मायस्पेस, जानेवारी २००४ मध्ये गूगलचे ऑर्कुट आणि ४ फेब्रुवारी २००४ रोजी हार्वर्ड विद्यापीठात फेसबुक अशी ही रांग लागली. यूट्यूब २००५ मध्ये आणि ट्विटर २००६ मध्ये आले. सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुकने विद्यापीठांचे दार ओलांडून तेरा वर्षांवरील कोणालाही प्रवेश दिला.

या सर्वांनी एक गोष्ट समान केली. ई-मेलसारखे सामाईक नियम त्यांनी नाकारले. फेसबुकवरील माणूस ऑर्कुटवरील माणसाशी बोलू शकत नव्हता. बोलायचे तर त्याच आवारात यावे लागे. येथे अर्थशास्त्रातील एक साधा नियम लागू होतो. गावात एकच टेलिफोन असेल तर त्याची किंमत शून्य. जितके जोडले जातील तितकी प्रत्येकाच्या टेलिफोनची उपयुक्तता वाढते. नियम सामाईक असतील तर हा लाभ सर्वांना वाटून मिळतो. आवाराला कुंपण असेल तर तो सारा कुंपणाच्या मालकाकडे जातो, आणि जो आधी मोठा झाला तो आणखी मोठा होत जातो. मक्तेदारी ही या रचनेची स्वाभाविक परिणती आहे.

गावाचा पार सर्वांचा असतो. तो एखाद्या सावकाराने आपल्या सातबाऱ्यावर चढवून घेतला, तर तो लोकांना हाकलून देतोच असे नाही. उलट तो सर्वांना फुकट बसू देईल. कारण कोण कोणाशी काय बोलतो, कोणाला कशाची गरज आहे आणि कोणाची कोणाशी अदावत आहे, हे ऐकून ती माहिती व्यापाऱ्यांना विकण्यात त्याचा नफा आहे. कोणाला पुढे बसवावयाचे आणि कोणाला मागे, हेही मग तोच ठरवील. आणि पार मोडून टाकावयाचा असे त्याने एक दिवस ठरविले, तर गावाला विचारण्याची त्याला गरज नाही. भारतात आणि ब्राझीलमध्ये मोठा वापर झालेले ऑर्कुट गूगलने ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद केले. मायस्पेस २००५ मध्ये रूपर्ट मरडॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनने ५८ कोटी डॉलरना घेतले आणि २०११ मध्ये सुमारे साडेतीन कोटींना विकून टाकले. दोन्ही वेळा सौदा किंवा निर्णय कंपन्यांनी केला. ज्यांचे लेखन, छायाचित्रे आणि ओळखीपाळखी तेथे होत्या त्यांना मत नव्हते. ऑक्टोबर २०२२ मध्ये एलॉन मस्क या एका व्यक्तीने ४,४०० कोटी डॉलर देऊन संपूर्ण ट्विटर विकत घेतले आणि काही आठवड्यांतच सुमारे निम्म्या कर्मचाऱ्यांना घरी बसविले. जगातील राज्यकर्ते, पत्रकार आणि चळवळी ज्या व्यासपीठावर बोलत होत्या त्याचे नियम त्यानंतर एका माणसाच्या मर्जीने बदलत गेले.

कुंपणाबाहेर नवा स्पर्धक उभा राहिला की त्याला विकत घ्यावयाचे, ही मक्तेदार भांडवलाची जुनी रीत येथेही पाळली गेली. फेसबुकने २०१२ मध्ये इन्स्टाग्राम १०० कोटी डॉलरना घेतले. त्या कंपनीत तेव्हा १३ माणसे काम करीत होती. २०१४ मध्ये ५५ कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲपसाठी १,९०० कोटी डॉलरचा सौदा जाहीर झाला. ५५ माणसांच्या कार्यालयाची ही किंमत असू शकत नाही. ती ४५ कोटी माणसांच्या परस्परसंबंधांची किंमत होती, आणि ज्यांचे ते संबंध होते त्यांना त्यातील एक पैही मिळाली नाही. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने या खरेदीविरुद्ध डिसेंबर २०२० मध्ये दावा लावला. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला, कारण मधल्या काळात टिकटॉकसारखे इतर बलाढ्य स्पर्धक उभे राहिले होते. दोन-चार सावकारांत चढाओढ असली म्हणजे कुळे मुक्त झाली, असा हा न्याय आहे.

फुकट ते काय?

वापरणारास ही सेवा फुकट मिळते, या युक्तिवादाने पुष्कळांचे समाधान होते. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप यांची मालक असलेल्या मेटा कंपनीचा हिशेब मात्र वेगळे सांगतो. २०२४ या वर्षात तिचे उत्पन्न सुमारे १६,४५० कोटी डॉलर होते. त्यातील सुमारे १६,०६० कोटी, म्हणजे दर शंभर डॉलरांपैकी जवळजवळ ९८, जाहिरातींतून आले. निव्वळ नफा ६,२०० कोटी डॉलरांहून अधिक होता. याचा अर्थ, या कंपनीचा ग्राहक जाहिरातदार आहे. त्याला विकला जाणारा माल म्हणजे वापरणाऱ्या माणसाचे लक्ष.

कॅनडातील अर्थशास्त्रज्ञ डॅलस स्मिथ यांनी १९७७ मध्येच, रेडिओ-दूरचित्रवाणीचा विचार करताना, प्रेक्षकसमूह हाच जाहिरातदाराला विकला जाणारा माल आहे असे दाखवून दिले होते. त्याहीपूर्वी, १९४४ मध्ये, कार्ल पोलान्यी यांनी जमीन, श्रम आणि पैसा या विकण्यासाठी निर्माण न झालेल्या गोष्टी बाजारात माल म्हणून उभ्या केल्या की समाजाची वीण उसवते, असे प्रतिपादन केले. त्या यादीत आता माणसाच्या लक्षाची भर घालावी लागेल. रेडिओला आपला श्रोता कोण हे माहीत नव्हते. नव्या यंत्रणेला प्रत्येकाचे वय, गाव, आवडनिवड, मित्रपरिवार आणि दुबळ्या जागा माहीत असतात. केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीच्या हाती ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची अशी माहिती गेली असावी, हे २०१८ मध्ये फेसबुकलाच जाहीर करावे लागले. २०१९ मध्ये अमेरिकेत त्या कंपनीला ५०० कोटी डॉलर दंड झाला. तो तिने भरला आणि धंदा पूर्ववत चालू राहिला.

भांडवलाने पूर्वी गिरणीत कामाचा दिवस लांबवून नफा वाढविला. त्याविरुद्ध लढून कामगाराने आपला वेळ परत मिळविला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी १८९० मध्ये रविवारची सुटी मिळविली. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःसाठी, ही जगभरच्या कामगारांची मागणी होती. त्या तिसऱ्या आठ तासांत माणूस वाचतो, मुलांशी बोलतो, सभेला जातो, संघटना करतो. समाजमाध्यमांच्या कंपन्यांनी हात घातला आहे तो नेमका या आठ तासांना. दिवसाचे तास चोवीसच असल्यामुळे नफा वाढवावयाचा तर प्रत्येक माणसाचा अधिकाधिक वेळ पडद्याला जखडून ठेवावा लागतो.

या आवाराची झाडलोट करणाऱ्या श्रमिकांचा मात्र उल्लेखही होत नाही. खुनाची, बलात्काराची, बालकांवरील अत्याचाराची दृश्ये दिवसभर पाहून ती वगळण्याचे काम कंत्राटी कामगारांना करावे लागते. मनावर आघात झालेल्या अमेरिकेतील अशा कामगारांना ५ कोटी २० लाख डॉलर देण्याचे फेसबुकने मे २०२० मध्ये मान्य केले. केनियातील नैरोबी येथे हेच काम तुटपुंज्या मजुरीवर करणाऱ्या कंत्राटी कामगारांना २०२२ पासून न्यायालयाची पायरी चढावी लागली.

संतापाचा भाव

माणसाला पडद्यापाशी रोखून धरण्याचा स्वस्त उपाय म्हणजे त्याला चिडविणे. हा केवळ तर्क नव्हे. सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुकने प्रत्येकापुढे येणारा मजकूर स्वतः निवडून मांडण्यास सुरुवात केली. २००९ मध्ये ‘लाईक’चे बटण आले. कंपनीच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी २०२१ मध्ये उघड केलेल्या अंतर्गत कागदपत्रांवरून असे दिसले की २०१७ पासून हा क्रम ठरविणाऱ्या गणितात संतापाच्या चिन्हासह इतर भावनाचिन्हांना साध्या ‘लाईक’च्या पाचपट वजन दिले गेले होते. संतापाच्या चिन्हाचे वजन शून्यावर आणले गेले ते पुढे २०२० मध्ये. मधल्या तीन वर्षांत जगातील कोट्यवधी लोकांपुढे काय यावे, हे या भावाने ठरत होते.

त्याची किंमत कोणी मोजली? म्यानमारमध्ये २०१७ साली रोहिंग्यांची कत्तल झाली. तेथे आपले व्यासपीठ हिंसेला चिथावणी देण्यासाठी वापरले जाऊ नये म्हणून आपण पुरेसे प्रयत्न केले नाहीत, ही कबुली फेसबुकने नोव्हेंबर २०१८ मध्ये दिली. महाराष्ट्रात १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत असल्याच्या अफवा त्या काळात व्हॉट्सॲपवरून पसरत होत्या. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडून पोटासाठी भटकत आलेले ते लोक होते.

या हत्येचे सारे खापर मोबाईलवर फोडणे चुकीचे ठरेल. भटक्या जमातींविषयीचा जुना संशय, त्यांचे दारिद्र्य आणि पोलीस यंत्रणेची अनास्था ही कारणे त्याआधीची आहेत. पण गावोगावच्या संशयाला काही दिवसांत जिल्हे ओलांडावयास लावले ते या यंत्रणेने. आणि त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडण्यावर मर्यादा घातली. कंपनी हे करू शकत होती, तर आधी का केले नाही? उत्तर उघड आहे. प्रसाराचा वेग हाच तिचा व्यवसाय होता, आणि त्या वेगाला अटकाव करण्यासाठी पाच प्रेते पडावी लागली.

‘पण मुक्यांना वाचा फुटली ना?’

यावर एक आक्षेप येईल आणि त्याचे उत्तर देणे भाग आहे. जुनी वृत्तपत्रे तरी कोणाच्या हाती होती? ती वरच्या जातींच्या आणि धनिकांच्या हाती होती. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केला तेव्हा पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता. आज दलित, आदिवासी, मुसलमान तरुण कोणाच्याही परवानगीवाचून आपले म्हणणे हजारोंपुढे ठेवू शकतो, ही प्रगती नव्हे काय?

प्रगती आहे, आणि ती नाकारणारा समाजवादी नव्हे. परंतु ‘मूकनायक’चा धडा नीट वाचला पाहिजे. दार बंद झाल्यावर आंबेडकरांनी ‘केसरी’च्या ओसरीवर फुकट जागा मागितली नाही. त्यांनी स्वतःचे पत्र काढले, त्यासाठी शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, आणि ते पत्र बंद पडल्यावर १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ उभे केले. बोलण्याची संधी मिळणे आणि बोलण्याच्या साधनावर स्वामित्व असणे यांतील भेद त्यांना पक्का ठाऊक होता.

इजिप्तचे उदाहरण नेहमी दिले जाते. २०११ च्या उठावाला ‘फेसबुकची क्रांती’ म्हटले गेले. वस्तुस्थिती अशी की २८ जानेवारी २०११ रोजी मुबारक सरकारने देशातील इंटरनेट जवळजवळ पूर्णपणे तोडले, आणि त्याच दिवशी रस्त्यांवर अफाट गर्दी उसळली. ज्या ‘६ एप्रिल’ चळवळीचे तरुण त्यात अग्रभागी होते तिने आपले नाव २००८ मधील महल्ला येथील कापड कामगारांच्या संपाच्या तारखेवरून घेतले होते. मुबारक यांनी ११ फेब्रुवारीला पद सोडले, त्याआधीच्या दिवसांत देशभर संपांची लाट आली होती. पुढे काय झाले तेही सर्वश्रुत आहे. २०१२ च्या निवडणुकांत ज्यांची गावोगाव संघटना होती ती मुस्लिम ब्रदरहूड विजयी झाली, आणि ३ जुलै २०१३ रोजी ज्यांच्याकडे बंदुका होत्या त्या सैन्याने सत्ता बळकावली. ज्या तरुणांकडे प्रामुख्याने फेसबुकची पाने होती ते दोन्ही वेळा बाजूला पडले.

सरकारचा लगाम पुरेल काय?

मालकाच्या हातून ही यंत्रणा काढून सरकारच्या हाती द्यावी, असा सोपा निष्कर्ष कोणी काढू नये. १९७५ ची आणीबाणी ज्या पक्षपरंपरेने भोगली तिला तो मान्य होणे शक्य नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदविषयी फेसबुकवर साधी नापसंती व्यक्त केल्याबद्दल पालघर येथे दोन तरुणींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ (अ) हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले, तोवर अशा अटकांना कायद्याचा आधार होता. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीर खोऱ्याचा संपर्क तोडण्यात आला. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनाशी संबंधित खाती सरकारच्या आदेशावरून ट्विटरने भारतात रोखून धरली.

किंबहुना सरकार आणि मालक हे दोन परस्परविरोधी पक्ष आहेत ही समजूतच सोडून दिली पाहिजे. फेसबुकच्या भारतातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याने, धंद्याला बाधा येईल म्हणून, सत्तारूढ पक्षाच्या एका नेत्याला द्वेषमूलक मजकुराचे नियम लावण्यास विरोध केला, असे वृत्त ऑगस्ट २०२० मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने दिले. त्याच वर्षी या कंपनीने ४३,५७४ कोटी रुपये गुंतवून रिलायन्स जिओमध्ये ९.९९ टक्के हिस्सा घेतला. २० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांच्या शपथविधीला या धंद्यातील धनाढ्य मालक व्यासपीठावर मोक्याच्या जागी बसलेले जगाने पाहिले.

समाजवाद्यांची मागणी म्हणून या दोहोंपेक्षा वेगळी असली पाहिजे. पहिली मागणी, सामाईक नियमांची. २०११ पासून मोबाईलची कंपनी बदलली तरी ग्राहकाचा क्रमांक त्याच्याकडेच राहतो, आणि कोणत्याही कंपनीचा ग्राहक कोणालाही दूरध्वनी करू शकतो. हे बंधन समाजमाध्यमांवर का नसावे? युरोपीय संघाच्या २०२२ च्या कायद्याने मोठ्या संदेशसेवांना इतर सेवांसाठी जोडणी खुली करावयास लावले आहे. दुसरी मागणी, माणसावर पाळत ठेवून केल्या जाणाऱ्या जाहिरातींवर बंदी. निदान मुलांच्या बाबतीत युरोपने ती घातली आहे. तिसरी, मजकुराचा क्रम कसा ठरतो हे जाहीर करण्याचे आणि साधा कालक्रम निवडण्याचा अधिकार देण्याचे बंधन. चौथी, या आवारात राबणाऱ्या कंत्राटी श्रमिकांना कायम नोकरी आणि संघटनेचा हक्क. पाचवी, विद्यापीठे, ग्रंथालये आणि सहकारी संस्था यांनी चालवावयाच्या स्वतंत्र सेवांना सार्वजनिक निधी, ज्यात शासनाला मजकुरावर कोणताही अधिकार नसेल.

या मागण्या स्वप्नाळू नाहीत. काही निवडक संकेतस्थळे गरिबांना फुकट देण्याच्या नावाखाली फेसबुकने भारतात ‘फ्री बेसिक्स’ची योजना आणली, तेव्हा तिच्या पाठीशी जाहिरातींचा पूर होता. तरीही जनमताच्या रेट्याखाली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली. आणि ती योजना देशातून गुंडाळावी लागली.

कार्यकर्त्यांपुढील काम

राममनोहर लोहियांनी कार्यकर्त्यापुढे फावडे, तुरुंग आणि मत ही तीन साधने ठेवली होती. रचना, संघर्ष आणि निवडणूक यांची ती प्रतीके. मोबाईल या तिन्हींना मदत करील; तिन्हींची जागा घेऊ शकणार नाही. पडद्यावर बोट ठेवल्याने बांध घातला जात नाही, कोणी तुरुंगात जात नाही आणि मतदाराच्या घरचा उंबरठा ओलांडला जात नाही. बोट ठेवणाऱ्याला मात्र आपण काहीतरी केले असे समाधान मिळते, आणि हे खोटे समाधान चळवळीला विरोधकांपेक्षाही अधिक दुबळी करते.

दिल्लीच्या सीमेवरील शेतकऱ्यांनी हे ओळखले होते. नोव्हेंबर २०२० पासून चाललेल्या त्या आंदोलनाने समाजमाध्यमांचा उत्तम उपयोग केला. पण २० डिसेंबर २०२० रोजी त्यांचे फेसबुक पान काही तासांसाठी अचानक नाहीसे झाले तेव्हा आंदोलन थांबले नाही, कारण ते त्या पानावर उभे नव्हते. ते गावोगावच्या किसान संघटनांवर, लंगरांवर आणि ट्रॉल्यांवर उभे होते. त्याच डिसेंबरात तेथे ‘ट्रॉली टाइम्स’ हे पंजाबी आणि हिंदी मजकुराचे छापील पत्र सुरू झाले. वर्षभर टिकून राहिलेल्या त्या लढ्यापुढे सरकारला १९ नोव्हेंबर २०२१ रोजी तिन्ही कायदे मागे घेण्याची घोषणा करावी लागली.

तेव्हा समाजमाध्यमांवर बहिष्कार घालण्याचे कारण नाही. ध्वनिक्षेपक भाड्याने आणतात तसा त्यांचा उपयोग करावा. मात्र सभा आपली असली पाहिजे. प्रत्येक शाखेने आपल्या सभासदांची आणि वर्गणीदारांची नावनिशी, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक स्वतःच्या वहीत ठेवावेत. पंधरवड्याची बैठक रद्द करून गटावर संदेश टाकण्याची पद्धत बंद व्हावी. गावात अफवा आली की ती पुढे न धाडता त्याच दिवशी वस्तीत जाऊन लोकांशी बोलणे, हे कार्यकर्त्याचे पहिले कर्तव्य मानले जावे. साप्ताहिकाचा प्रत्येक अंक किमान दहा घरांत हाताने पोहोचावा. आणि पुढील अधिवेशनात समाजमाध्यमांच्या मालकीचा प्रश्न प्रचारतंत्राच्या सत्रात न घेता, जमीन, पाणी आणि वीज यांच्या बरोबरीने, आर्थिक ठरावात घेतला जावा.